वस्त्रांतील वीज

पौष महिन्यांतील रात्र असते. पुण्यासारख्या कोरड्या हवेच्या गांवीं एखादा मुलगा निजण्यापूर्वीं दिवा मालवितो व अंगांतील लोकरी स्वेटर डोक्यावरून ओढून काढूं लागतो. आंतला सदरा टेरिलीनचा असतो. स्वेटर सदऱ्यापासून सुटतांच चुरचुर असा आवाज होतो, अंधारांत निळसर ठिणग्या क्षणभर चमकतात आणि मुलाच्या डोक्यावरचे केस ताठ उभे राहतात. शेजारीं निजलेली आजी दचकून उठून बसते, आणि उद्यां मीठमोहऱ्यांनीं याची दृष्ट काढली पाहिजे, असें मनाशीं ठरविते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच घरांतील सूनबाई कामावर जावयास निघते. तिनें नेसलेली पॉलिएस्टरची साडी आंतल्या नायलॉनच्या परकराला अशी बिलगून बसते कीं, निऱ्या कांहीं केल्या खालीं सुटत नाहींत. हातानें चापून सारखी करावी, तों साडी अधिकच चिकटते.

रात्रीची ठिणगी आणि सकाळचें चिकटणें या दोन गोष्टी निरनिराळ्या वाटल्या, तरी त्यांचें मूळ एकच आहे. त्यांत भुताखेताचा संबंध नाहीं, आणि कापड विकणाऱ्यानें फसविलें असेंहि नाहीं. वळवाच्या ढगांतून कडाडणारी वीज आणि सदऱ्यांतील ही चुरचुर या एकाच जातीच्या आहेत. अंतर आहे तें केवळ मानाचें. ही वीज वस्त्रांत कोठून येते, सुती कपड्यांत ती कां आढळत नाहीं आणि तिला घालवून देण्याचे सोपे उपाय कोणते, हें समजून घेण्यासारखें आहे. बहुतेक वेळां ती नुसता त्रास देते. पण कांहीं प्रसंगीं तिच्यामुळें जीवावर बेततें. ते प्रसंग कोणते, हें तर प्रत्येक घरांत ठाऊक असलें पाहिजे.

जगांतील प्रत्येक पदार्थांत धन व ऋण अशा दोन्ही जातींची वीज भरलेली असते. दोहोंचें प्रमाण समसमान असतें तोंपर्यंत पदार्थांत वीज आहे याची कोणास दादहि लागत नाहीं. परंतु दोन निरनिराळे पदार्थ एकमेकांस टेकले, म्हणजे एकाच्या पृष्ठभागावरील थोडी ऋण वीज दुसऱ्याकडे जाते. पुढें ते पदार्थ दूर झाले कीं, एकाजवळ ऋण विजेचा अधिकपणा राहतो व दुसऱ्याजवळ तिची उणीव पडते. पहिला ऋणभारित झाला, दुसरा धनभारित झाला, असें शास्त्रांत म्हणतात. घासल्यानें वीज उत्पन्न होते, असें शाळेंत शिकवितात. वस्तुतः टेकणें आणि सुटणें एवढेंच तिला पुरतें. घासण्यानें इतकेंच होतें कीं, दोन पृष्ठभाग पुष्कळ अधिक ठिकाणीं व पुनःपुन्हां एकमेकांस भेटतात, आणि विजेची देवघेव त्या मानानें वाढते. चालणाऱ्या बाईची साडी पावलागणिक परकरास टेकते आणि सुटते. अर्थात् पावलागणिक ही देवघेव चालू राहते.

वीज सांठली म्हणजे तिचे दोन धर्म दिसूं लागतात. एकाच जातीचे भार एकमेकांस दूर लोटतात. विरुद्ध जातीचे भार एकमेकांस ओढतात. मुलाच्या केसांवर एकाच जातीचा भार बसतो, म्हणून प्रत्येक केस शेजारच्यापासून दूर पळूं पाहतो व ताठ उभा राहतो. साडी आणि परकर यांच्यावर विरुद्ध जातींचे भार बसतात, म्हणून तीं वस्त्रें एकमेकांस सोडीत नाहींत. साडी चापून बसविणारा हात पुन्हां तेंच टेकणें व सुटणें घडवून आणतो. कोरड्या हातानें साडी सारखी करावयास जावें, तों ती अधिक चिकटते, याचें कारण हेंच होय.

या विषयाच्या इतिहासांत वस्त्रांनीं मोठें काम केलें आहे. अठराव्या शतकांत लंडन येथें रॉबर्ट सिमर नांवाचे एक स्कॉटिश गृहस्थ राहत असत. थंडीसाठीं ते एकाच पायांत दोन रेशमी मोजे चढवीत. एक पांढरा, एक काळा. सायंकाळीं मोजे काढतांना त्यांतून चुरचुर आवाज येतो आणि अंधारांत ठिणग्या दिसतात, असें त्यांच्या ध्यानीं आलें. दुसरा कोणी असता तर तो मोजे पेटींत टाकून निजला असता. सिमर यांनीं मात्र त्या मोज्यांवरच प्रयोग मांडले. दोन्ही मोजे पायांतून एकत्र काढून मग एकमेकांपासून ओढून वेगळे केले, तर ते रिकामे असूनहि आंत पाय असल्यासारखे फुगून राहत. कारण मोज्याचा प्रत्येक भाग त्याच मोज्याच्या दुसऱ्या भागास दूर लोटीत असे. काळ्याजवळ काळा नेला तर ते एकमेकांपासून पळत. काळ्याजवळ पांढरा नेला तर ते झेप घेऊन एकमेकांस बिलगत आणि दोघेहि चपटे होत. ते किती जोरानें चिकटले आहेत, हें पाहण्यासाठीं सिमर यांनीं त्यांना वजनें लावून पाहिलीं. १७५९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत त्यांचे हे प्रयोग प्रसिद्ध झाले, आणि वीज दोन जातींची असते या मताला त्यांनीं मोठा आधार मिळाला. एका गृहस्थाच्या पायमोज्यांनीं शास्त्राची अशी सेवा केली.

त्याच सुमारास, १७५७ सालीं, योहान कार्ल विल्के यांनीं आणखी एक उपयुक्त गोष्ट केली. कोणता पदार्थ कोणत्या पदार्थास टेकला असतां धन होतो व कोणता ऋण होतो, हें पाहून त्यांनीं पदार्थांची एक क्रमवारी लावली. पुढें तींत अनेकांनीं भर घातली. आजच्या वस्त्रांपुरती ती क्रमवारी अशी सांगतां येईल : नायलॉन आणि लोकर धन बाजूच्या टोकाकडे; त्यानंतर रेशीम; मध्याच्या सुमारास कापूस; आणि पॉलिएस्टर ऋण बाजूकडे. माणसाचे केस व त्वचा सामान्यतः धन बाजूच्या पदार्थांत मोडतात. जे पदार्थ या क्रमांत एकमेकांपासून दूर, त्यांच्यांत विजेची देवघेव अधिक. जे जवळ, त्यांच्यांत ती कमी. आतां सूनबाईच्या वेषाकडे पाहिलें म्हणजे सगळा उलगडा होतो. नायलॉनचा परकर एका टोकाचा, पॉलिएस्टरची साडी दुसऱ्या टोकाची. मुलाचा लोकरी स्वेटर एका टोकाचा, टेरिलीनचा सदरा दुसऱ्या टोकाचा. कारण टेरिलीन म्हणजे पॉलिएस्टरच होय. न कळत दोघांनींहि विजेचें यंत्रच अंगावर चढविलें होतें.

येथें एक शंका सहज येते. टेकण्यानें व सुटण्यानें वीज होत असेल, तर सुती धोतर आणि सुती सदरा यांच्यांतहि ती झाली पाहिजे. मग आजोबांच्या पिढीला हा त्रास कां नव्हता? या शंकेचें उत्तर हेंच या विषयाचें सार आहे. वीज सुती वस्त्रांतहि होते, पण ती तेथें टिकत नाहीं. तिला निघून जावयास वाट असते.

ही वाटेची गोष्ट प्रथम इंग्लंडांत स्टीफन ग्रे यांना १७२९ सालीं उमगली. घासलेल्या कांचेच्या नळीची वीज लांब सुतळीवाटें दूर नेतां येते कीं काय, हें ते पाहत होते. सुतळी त्यांनीं रेशमी दोऱ्यांनीं टांगली, तेव्हां वीज शेंकडों फूट दूर गेली. रेशमी दोरा तुटला म्हणून त्याऐवजीं पितळेची तार लावली, तेव्हां वीज वाटेंतच नाहींशी झाली. रेशमानें तिला अडवून धरलें होतें. पितळेनें तिला वाट दिली. कांहीं पदार्थ विजेस वाट देतात व कांहीं देत नाहींत, हा भेद त्या दिवसांत स्पष्ट झाला. मौजेची गोष्ट अशी कीं, ज्या सुतळीवाटें वीज एवढी दूर गेली ती कांहीं धातूची नव्हती. वनस्पतींच्या तंतूंत हवेंतील ओलावा मुरलेला असतो, आणि वीज जाते ती त्या ओलाव्याच्या वाटेनें.

कापसाचें रहस्य हेंच. हवेंत बेताची दमटपणा असतां, म्हणजे सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६५ च्या सुमारास असतां, १०० भाग कोरड्या कापसांत सुमारें ८ भाग पाणी मुरलेलें असतें. रेशमांत तें सुमारें ११ भाग असतें आणि लोकरींत सुमारें १६ भाग. कपडा हातास कोरडा लागतो, पण तो खरोखर कोरडा नसतो. आतां कृत्रिम धाग्यांकडे पाहावें. नायलॉनमध्यें पाणी सुमारें ४ भाग, आणि पॉलिएस्टरमध्यें अर्ध्या भागाहूनहि कमी. नायलॉनचा शोध अमेरिकेंत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरदर्स यांनीं १९३५ सालीं लावला, व १९४० सालीं त्याचे पायमोजे बाजारांत आले. पॉलिएस्टरचा धागा इंग्लंडांत व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनीं १९४१ सालीं काढला. हे धागे बळकट, हलके, न चुरगळणारे आणि धुतल्यावर लवकर वाळणारे निघाले. ते लवकर वाळतात याचें कारण ते पाणी आंत घेतच नाहींत. आणि पाणी आंत घेत नाहींत म्हणूनच विजेस वाट देत नाहींत. एकाच धर्माचीं हीं दोन फळें आहेत. एक गोड, एक कडू.

लोकरींत तर एवढें पाणी, मग ती कां चुरचुरते, असें कोणी विचारील. धाग्यांतील पाणी हें हवेच्या उसनवारीवर असतें. हवा कोरडी पडली कीं ती आपलें पाणी परत मागून घेते. माघ-फाल्गुनांत देशावरची दुपार कोरडी पडते. तेव्हां लोकर, रेशीम, इतकेंच काय पण माणसाची त्वचा व केस हींहि कोरडीं होतात. सापेक्ष आर्द्रता शेंकडा ४० च्या खालीं उतरली कीं या विजेचा उपद्रव जाणवूं लागतो, व शेंकडा ६० च्या वर गेली कीं तो बहुतेक नाहींसा होतो. मुंबईंत आणि कोंकणांत समुद्राची दमट हवा असल्यानें तिकडे हा त्रास बेताचाच असतो; पुणें, नगर, नागपूर या बाजूस तो कोरड्या ऋतूंत हटकून होतो. मात्र हवा थंड करणारें यंत्र खोलींतील ओलावाहि काढून घेतें. म्हणून मुंबईच्या एखाद्या कचेरींत, बाहेर घामाच्या धारा लागल्या असतांहि, आंत दाराच्या मुठीला हात लावतांच चटका बसतो.

कापडाच्या गिरण्यांना हें ओलाव्याचें महत्त्व फार पूर्वींपासून ठाऊक होतें. धागा कोरडा पडला कीं त्याचे तंतू पिंजारतात, यंत्राच्या भागांना चिकटतात आणि धागा वारंवार तुटतो. याकरितां लँकशायरमधील विणकामाच्या शाळांत वाफ सोडून हवा मुद्दाम दमट ठेवीत असत. धाग्याला ती मानवली, पण कामगारांच्या छातीला मानवली नाहीं. त्यांची ओरड झाली, आणि १८८९ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून या दमटपणास मर्यादा घातली. भारतांतहि १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यांत कृत्रिम दमटपणाविषयीं स्वतंत्र कलम घालावें लागलें. धाग्यास हवें तेवढें पाणी द्यावें, पण तें माणसाच्या जीवावर देऊं नये, हा धडा त्यांतून घ्यावयाचा.

आतां घरगुती उपायांकडे वळावें. ते अनेक असले तरी सर्वांचें तत्त्व एकच आहे : एक तर वीज कमी होऊं द्यावी, आणि झालेल्या विजेस जावयास वाट द्यावी.

पहिला उपाय वस्त्रांच्या निवडीचा, व तो सर्वांत सोपा आहे. पॉलिएस्टरच्या साडीखालीं नायलॉनचा अगर साटिनचा गुळगुळीत परकर न घालतां सुती परकर घालावा. कापूस क्रमवारींत मध्याच्या सुमारास असल्यानें देवघेव कमी होते, आणि त्यांतील ओलाव्यावाटें जमलेली वीज अंगाकडे निघून जाते. हाच नियम अस्तरास, बनियनला व पायमोज्यांना लागू आहे. लोकरी कपड्याखालीं सुती सदरा असावा. मिश्र धाग्याचें कापड घेतांना कापसाचें प्रमाण जितकें अधिक तितका हा त्रास कमी.

दुसरा उपाय धुण्याचा व वाळविण्याचा. कृत्रिम धाग्याचे कपडे रखरखीत उन्हांत तासन् तास टाकूं नयेत. ते सावलींत वाळवावे आणि किंचित् ओलसर असतांच काढून घडी करावे. कपडे सुकविण्याचें यंत्र वापरणाऱ्यांनीं सुती आणि कृत्रिम कपडे वेगळे सुकवावे. कारण यंत्रांत ते एकमेकांवर सारखे आपटतात, व पूर्ण कोरडे झाल्यावरहि फिरत राहिले तर हाताला येतो तो विजेनें जखडलेला एक गोळा. इस्त्री करतांना पाण्याचा हलका शिपका मारावा.

तिसरा उपाय फॅब्रिक कंडिशनर या नांवानें बाजारांत मिळणाऱ्या द्रव्याचा. त्यांतील मुख्य पदार्थाच्या कणास दोन टोकें असतात. एक टोक धन विजेचें असून तें धाग्यास धरून बसतें; दुसरें लांबट, स्निग्ध टोक बाहेर राहतें. त्यामुळें धागे एकमेकांवरून सहज घसरतात आणि घर्षण कमी होतें. शिवाय या पातळ थरांत हवेंतील ओलावा धरून ठेवण्याचा गुण असतो. म्हणजे जो ओलावा पॉलिएस्टर आंत घेत नाहीं तो त्याच्या अंगावर पांघरला जातो. हें द्रव्य साबण पुरता निघून गेल्यावर अखेरच्या पाण्यांतच घालावें. साबणाच्या किंवा धुण्याच्या पावडरच्या कणांचें टोक ऋण विजेचें असतें. दोन्ही एका पाण्यांत पडलीं तर एकमेकांस मारतात आणि दोहोंचाहि उपयोग होत नाहीं. टॉवेल व पंचे यांना मात्र तें लावूं नये. त्या स्निग्ध थरानें त्यांचा पाणी टिपण्याचा गुण कमी होतो.

घराबाहेर पडावयाच्या वेळीं साडी चिकटली, तर हे उपाय चालत नाहींत. अशा वेळीं हाताचे तळवे पाण्यानें किंचित् ओले करून साडीच्या आंतल्या बाजूवरून व परकरावरून फिरवावे. कोरड्या हातानें जी वीज वाढते ती ओल्या हातानें निघून जाते. अगर रंग न दिलेल्या तारेचा, उघड्या धातूचा कपडे टांगावयाचा हँगर उघड्या हातांत धरून साडी व परकर यांच्यामधून फिरवावा; धातूवाटें वीज हातांत व अंगांत उतरते. परकराच्या काठास आंतून एखादी सेफ्टी पिन लावून ठेवण्याची युक्ति पुष्कळ बायका करितात. तींतहि तथ्य आहे, कारण धातूच्या टोकदार भागांतून वीज हवेंत हळूहळू गळून जाते. पायांची त्वचा फार कोरडी पडली असेल तर तींस पाण्यांत मिसळलेलें ग्लिसरीन लावावें. ग्लिसरीन हवेंतील ओलावा ओढून घेतें. थंडींत ओठांना व टाचांना तें लावण्याची चाल आहे, ती त्याच गुणामुळें. खोलींत पाण्याचें पसरट भांडें ठेवल्यानें किंवा ओला पंचा वाळत घातल्यानेंहि फरक पडतो.

पादत्राणांचाहि या विषयाशीं संबंध आहे. रबराचा अगर प्लास्टिकचा तळ विजेस जमिनीकडे जाऊं देत नाहीं. मग ती अंगांत सांठत जाते व दाराची कडी किंवा गाडीचें दार यांना बोट लागतांच एकदम उडी मारते. महाराष्ट्रांतील घरांत चपला उंबऱ्याबाहेर काढून अनवाणी आंत येण्याची रीत आहे. सारवलेली जमीन किंवा शहाबादी फरशी यांवर अनवाणी चालणाऱ्याच्या अंगांतील वीज पायांवाटें सहज निघून जाते. गालिचे अंथरलेल्या आणि बूट घालून वावरण्याच्या घरांत असें होत नाहीं. चटका टाळावयाचा असेल तर हातांतील किल्ली घट्ट धरून तिचें टोक प्रथम कडीला लावावें. ठिणगी किल्लीवर पडते. हातास वीज पसरट जागेवरून जाते, म्हणून ती बोंचत नाहीं.

येथवर सांगितला तो त्रास झाला, आतां धोका. बोटाला चटका जाणवतो तेव्हां अंगावरील विजेचा दाब सुमारें ३,००० व्होल्ट तरी असतो, आणि कोरड्या दिवशीं तो १०,००० व्होल्टपर्यंत सहज चढतो. घरांतील दिव्यांना पुरविलेल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असून ती माणसास मारूं शकते, मग ही १०,००० व्होल्टची वीज कां मारीत नाहीं? कारण तिचा सांठा अगदीं अल्प असतो व तो निमिषार्धांत संपतो. १०,००० व्होल्टच्या त्या ठिणगींतील शक्ति किती? एक ग्रॅम वजनाचा मणी हातभर उंचीवरून जमिनीवर पडला, तर त्याच्या आपटण्यांत जेवढी असेल तेवढी. तीनें माणसाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु पेट्रोलची वाफ हवेंत योग्य प्रमाणांत मिसळली असेल, तर तोच मणी जेमतेम इंचभर उंचीवरून पडल्यानें जी शक्ति होईल तेवढ्या शक्तीची ठिणगी तिला पेटवावयास पुरते. म्हणजे माणसास जी ठिणगी नुसती टोंचते, ती पेट्रोलच्या वाफेस पुरून उरते.

वैद्यकीय व्यवसायानें हा धडा फार किंमत देऊन घेतला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्यास ईथर किंवा सायक्लोप्रोपेन यांनीं बेशुद्ध करीत असत. ईथरची वाफ व सायक्लोप्रोपेनचा वायु हीं प्राणवायूशीं मिसळलीं असतां एका ठिणगीनें स्फोट होई. म्हणून शस्त्रक्रियेच्या दालनांत लोकरीचीं व नायलॉनचीं वस्त्रें वर्ज्य केलीं गेलीं; सुती झगे, विजेस वाट देणारी जमीन, तशाच तळांचीं पादत्राणें आणि मुद्दाम दमट ठेवलेली हवा, असा बंदोबस्त ठेवावा लागला. १९५६ पासून हॅलोथेनसारखीं न पेटणारीं औषधें आलीं, तेव्हां ती भीति हळूहळू ओसरली.

घरांत मात्र एक धोका अद्यापि उरला आहे, व तो म्हणजे पेट्रोलनें कपडे धुण्याचा. भरजरी शालू, रेशमी साड्या, लोकरी कपडे यांना पाणी लावावयाचें नाहीं म्हणून कांहीं ठिकाणीं ते घरच्या घरीं परातींत पेट्रोल ओतून, चोळून काढतात. या एका कृतींत सगळ्या वाईट गोष्टी एकत्र येतात. पेट्रोल विजेस वाट देत नाहीं. त्यांत कापड चोळल्यानें टेकणें व सुटणें सारखें चालू राहतें. कापड वर उचलतांच तें परातीपासून व पेट्रोलपासून सुटतें आणि भार उघडा पडतो. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यानें ती जमिनीलगत पसरून राहते. जवळ चूल नाहीं, दिवा नाहीं, काडी ओढलेली नाहीं, असें असूनहि भडका उडतो तो या कारणानें. आणि तो उडतो तेव्हां पेट्रोलनें भिजलेलें वस्त्र दोन्ही हातांत असतें.

ही गोष्ट नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील धुलाईच्या कारखान्यांत बेंझिन वापरीत, आणि तेथें आपोआप आगी लागत. त्यांचें कारण कपड्यांतील वीज हेंच आहे असें आढळून आलें, तेव्हां बेंझिनमध्यें मॅग्नेशियमचा एक प्रकारचा साबण थोड्या प्रमाणांत विरघळवूं लागले. त्या साबणानें बेंझिनमधून विजेस वाट मिळाली. पुढें न पेटणारीं द्रव्यें निघालीं व चांगल्या धुलाईच्या दुकानांत तीं रूढ झालीं. म्हणून मूल्यवान् वस्त्र अशा दुकानांतच द्यावें. घरीं पेट्रोलला हात लावूं नये. घराघरांतील साधी परात आणि साधी बाटली यांत तो साबणहि नसतो आणि ती सावधगिरीहि नसते.

याच जातीचे आणखी दोन-तीन नियम आहेत. वाहनांत पेट्रोल भरणें चालू असतां खालीं उतरलेल्या माणसानें पुन्हां आंत जाऊन बसूं नये. उतरतांना बैठकीशीं घासून अंगांत वीज भरते आणि नळीच्या तोंडाजवळ हात नेतांच ठिणगी पडते. उतरावेंच लागलें तर प्रथम गाडीच्या धातूच्या भागास, नळीपासून दूर, हात लावावा. प्लास्टिकच्या डब्यांत पेट्रोल भरून घेऊं नये. स्वयंपाकघरांत गॅसचा वास येत असेल तर विजेचीं बटणें दाबूं नयेत हें सर्वांस ठाऊक आहे. त्याबरोबरच तेथें उभें राहून अंगांतील स्वेटर किंवा साडी काढूं नये, हेंहि ध्यानांत असावें. प्रथम शेगडी व टाकी बंद करून दारें-खिडक्या उघडाव्या आणि बाहेर पडावें.

कृत्रिम धाग्यांचा त्याग करावा, असा या सर्वांचा अर्थ नव्हे. थोड्या किंमतींत टिकाऊ वस्त्र मिळणें ही सामान्य संसाराला मोठी सोय आहे. ज्या कारखान्यांत ठिणगी परवडत नाहीं, तेथील वस्त्रांत कार्बनचा किंवा पोलादाचा बारीक धागा ठराविक अंतरानें विणतात, व त्या एका धाग्यावाटें सगळ्या कापडाची वीज निघून जाते. घरांत तेवढ्याची गरज नाहीं. तेथें सुती परकर, ओला तळहात आणि किंचित् ओलसर असतांच काढलेलें धुणें एवढें पुरें आहे. वीज अडली तर ती चिकटते, टोंचते, प्रसंगीं जाळते. तिला वाट मिळाली कीं ती मुकाट्यानें निघून जाते.

पुढच्या पौषांत तो मुलगा लोकरी स्वेटराखालीं सुती सदरा घालील, तर अंधारांतल्या ठिणग्या दिसणार नाहींत. कदाचित् त्याला त्यांची चुकचुकहि लागेल. आजीला मात्र निवांत झोंप लागेल. आणि सदरा बदलल्यानें जर ठिणग्या नाहींशा झाल्या, तर त्या दृष्टीच्या नव्हत्या, हें तिलाहि कोणी न सांगतां पटेल.